दुपारी मुका होणारा डबा

सकाळी नीट चालणाऱ्या आणि संध्याकाळीही नीट चालणाऱ्या यंत्राइतकं डोकं उठवणारं दुसरं काही नसतं. साफ बंद पडलेलं यंत्र परवडतं. ते समोर पडून असतं, खोलता येतं, त्याच्या नावानं चार शिव्या हासडता येतात. पण तुम्ही समोर असेपर्यंत गुणी बाळासारखं वागायचं आणि तुमची पाठ फिरली की अंगात आल्यासारखं घुमायचं, असलं यंत्र माझ्या वाट्याला आलं. ते मीच बनवलेलं होतं, आणि ज्या टेबलावर ते ठेवलं होतं त्या टेबलामागे माझी सख्खी मोठी बहीण बसत होती.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. कचेरीच्या भिंतींचा रंग अजून बोटाला लागायचा. साहेब आले होते, खुर्च्या आल्या होत्या, जीपगाड्या आल्या होत्या. गावोगाव टेलिफोन तेवढे आले नव्हते, आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी आला नव्हता. शिरूर अनंतपाळ आज तालुका आहे. तेव्हा ते निलंगा तालुक्यातलं एक मोठं गाव होतं आणि तिथून लातूरला फोन लावायचा म्हणजे ट्रंक कॉल सांगून पोस्टाच्या ओट्यावर बसून राहायचं. इकडे विहिरी एकेक करून तळाला गेलेल्या. कुठल्या विहिरीत पाणी उरलंय, तिथं किती टँकर उभे आहेत, कुठल्या गावाला दुसरी खेप पाठवायची, हे ठरवायला लातूरच्या टंचाई कक्षाला रोज दुपारी सगळीकडची खबर लागायची. फोन नाही, म्हणून टँकर भरायच्या ठिकाणी वायरलेस सेट बसवायचं ठरलं.

सेट मिळाले ते कुठल्याशा खात्यानं वापरून टाकलेले, चोवीस व्होल्टवर चालणारे. बॅटऱ्या मिळाल्या त्या ट्रॅक्टरच्या, बारा व्होल्टच्या, आणि त्याही एका सेटला एकच. असा जोडा जुळवायला सरकारच पाहिजे. मधे बाराचे चोवीस करणारा एक डबा हवा होता आणि ते काम नांदेडला आमच्या कारखान्याकडे आलं. कारखाना हा मालकांचा शब्द. गुरुद्वाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गल्लीत दोन खोल्या, एक शटर, एक कूलर आणि आम्ही तिघं-चौघं. मी नांदेडलाच डिप्लोमा करून तिथं लागलो होतो. मालक मुळात रेडिओ दुरुस्त करणारे. हात चांगला, तोंड त्याहून चांगलं.

डब्याचं काम सांगायला सोपं आहे. बॅटरीतून येणारा प्रवाह तो सेकंदाला हजारो वेळा तोडतो आणि जोडतो, आणि त्या तोडजोडीतून व्होल्टेज वाढवून घेतो. असा डबा हलका असतो, बॅटरी कमी खातो. खोड एकच. या तोडजोडीचा कचरा बॅटरीच्या तारांवर मागे येतो आणि वायरलेसच्या कानात शिरतो. पहिला डबा सेटला लावला तेव्हा कढईत भजी सोडल्यासारखा आवाज यायला लागला, माणसाचं बोलणंच ऐकू येईना. त्यावर उपाय म्हणजे डब्याच्या तोंडाशी फिल्टर लावायचा. तारेचं एक मोठं वेटोळं, त्याला आम्ही चोक म्हणतो, आणि वीज साठवणारा एक कंडेन्सर. मी चोक गुंडाळला. तळण कमी झालं. मालक म्हणाले, "अजून मोठा कर." अजून मोठा केला, तळण बंद झालं. सेटमधून लातूरचा आवाज शेजारी बसल्यासारखा येऊ लागला. मालकांनी सगळ्यांना चहा पाजला आणि डबे रवाना झाले: शिरूरला, देवणीला, आणखी कुठे कुठे.

आता नांदेडच्या उन्हाळ्याची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खात होतं. एप्रिल-मे महिन्यात दुपारी जेवणं झाली की बाजारातली शटरं खाली येतात. ऊन कललं की वर जातात. मधल्या वेळात रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. आमचंही शटर खाली यायचं आणि मालक कूलरपुढे आडवे व्हायचे. त्यामुळे आमच्या कारखान्यात तयार झालेलं एकही यंत्र भर दुपारी कधी तपासलं गेलं नव्हतं. सकाळी तपासायचं, नाहीतर दिवेलागणीला. यात काही चुकतंय असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. दुपार ही झोपायची वेळ, कामाची थोडीच.

आक्काची मात्र तीच कामाची वेळ होती. ती मॅट्रिक झालेली, अक्षर मोत्यासारखं, आवाज खणखणीत. लग्न होऊन शिरूरला गेली आणि तिथल्या बौद्धवाड्यात मॅट्रिक झालेली एकटीच सून म्हणून तिचं जरा नाव होतं. भाऊजी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होते. सेट आला तेव्हा बोलायला माणूस हवं होतं आणि ती जाऊन उभी राहिली. आमच्या घरात सरकारी खुर्चीवर बसलेलं ती पहिलं माणूस. खुर्ची रोजंदारीची होती, दर महिन्याच्या शेवटी मुदत वाढवून घ्यावी लागायची, पण होती खुर्चीच. आमचे वडील तेवढ्यासाठी नांदेडहून शिरूरला जाऊन आले. पत्र्याच्या शेडमध्ये लेक सेटसमोर बसलेली बघून आले आणि आठवडाभर दुसरं काही बोलले नाहीत.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिनं पाणी द्यायच्या आधी तक्रार दिली.

"भाऊ, तुजा डबा दुपारी घुरघुरतोय बघ. लातूरचं समदं ऐकू येतंय. म्या बोलायला बटण दाबलं की घुर्र करतोय आन् सेटच बसतोय. माजं कायबी जात न्हाई."

"रोज?"

"रोज. दुपारी. सकाळी बोल म्हणलं की बोलतोय, पोपटावानी."

नांदेडहून दोन ठिकाणी गाड्या बदलून शिरूरला पोचेपर्यंत ऊन उतरलेलं असायचं. मी बटण दाबलं. लातूरनं उत्तर दिलं, स्वच्छ. पुन्हा दाबलं, पुन्हा स्वच्छ. डबा खोलला, एकेक सांधा तपासला, बॅटरीची टोकं घासली. डबा आपला गरीब चेहरा करून बसलेला. आक्का माझ्याकडे बघत होती आणि मी मीटरकडे बघत होतो. तिचा एक शब्दही मला खोटा वाटला नाही. पण खरं वाटणं आणि दाखवून देणं यात केवढी दरी असते, ते तेव्हा कळलं. ताप उतरल्यावर डॉक्टरकडे पोचलेल्या माणसासारखी आमची गत.

मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "बटण धरायचं कळत नसंल. बायामाणसाचं काम हाय का ते? डबा वोके हाय, तूच तपासून आलास ना?" हो, मीच तपासून आलो होतो. माझी तळपायाची आग मस्तकाला गेली.

लातूरहून जीपमधून एक तपासणी करणारे साहेब यायचे. तेही ऊन चढायच्या आत परत फिरायचं म्हणून भल्या सकाळी निघायचे. शेडमध्ये यायचे, बटण दाबायचे, लातूरशी बोलायचे, "चांगला चालतोय की," म्हणायचे आणि ऊन तापायच्या आत जीप वळवायचे. म्हणजे डबा बनवणारा सकाळी तपासणार, डबा तपासणारा सकाळी तपासणार, डबा दुरुस्त करणारा संध्याकाळी पोचणार. भर दुपारी त्या डब्यासमोर बसणारं सगळ्या जिल्ह्यात कोण, तर आक्का आणि तिच्यासारखी आणखी काही माणसं. आणि त्यांचं कोण ऐकणार, डबाच बोलू देत नव्हता. सकाळी लातूरच्या सेटवर दुसरीच माणसं असायची, त्यांना सांगितलं तर म्हणायची, आता तर चालतोय की.

त्या मुकेपणाचे परिणाम सरळ होते. लातूरहून रोज दुपारी एकेका ठिकाणाला हाक जायची. शिरूरनं उत्तर दिलं नाही की तिथले टँकर दुसरीकडे वळवले जायचे. शिरूरच्या आसपासच्या वाड्यांना दुपारची खेप मिळेना. बायका घागरी घेऊन शेडपाशी यायच्या आणि आक्काच्या नावानं बोटं मोडत परत जायच्या. तिची चुलत जाऊसुद्धा म्हणाली की खुर्चीवर बसल्यापासून हिला माणसं दिसेनात.

पण तिला खरं लागलं ते वेगळंच. ती ते मला दुसऱ्या फेरीत, चुलीपाशी बसून, भाकरी थापता थापता सांगत होती. लातूर हाक मारायचं, ही बटण दाबायची, आणि लातूरला तिच्या आवाजाऐवजी नुसती घुर्र ऐकू जायची. ती घुर्र ऐकून तिकडे हसायचे.

"म्हणत्यात, ऐका, घोरून राहिली बाई." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "एक म्हणला, बाईमाणूस बसवल्यावर आसंच हुणार. दुसरा म्हणला, सवलतीवाल्यांचं काय, खुर्ची मिळाली की पडली आडवी. मी सेटजवळच बसून असते भाऊ. समदं ऐकते. बटण दाबून दाबून आंगठा दुखतोय."

मी जेवलोच नाही. ती म्हणाली, "आरं खा की, तू काय केलंस?" मी काय केलं होतं? चोक गुंडाळला होता, मालकांनी सांगितला तेवढा मोठा. पण तेव्हा तो हिशेब करायला डोकं ठिकाणावर नव्हतं. मला त्या हसणाऱ्या माणसांना गाठायचं होतं आणि हातात काहीच पुरावा नव्हता.

मग कळलं की महिनाअखेरीला तिची मुदत वाढायची नाही. दुपारी सेटवर झोपते अशी तक्रार वर गेली होती. तपासणीवाले साहेब सकाळी येऊन आणखी एकदा "सेट चांगला चालतोय" असं सांगून गेले होते, म्हणजे दोष तिचाच ठरला. आमच्या वडिलांना हे कळवायचं पत्र मी दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा फाडलं.

मी मालकांशी भांडून रजा घेतली आणि शिरूरला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी दुपारी शेडमध्ये आक्काच्या शेजारी बसलो. वर पत्रा तापून करकर वाजत होता. डब्यावर हात ठेवला तर ठेववेना. बॅटरीही रात्रीची वीज जाऊन-येऊन अर्धवट भरलेली, सकाळपासून वापरून खचलेली. लातूरची हाक आली. आक्कानं बटण दाबलं आणि डबा घुरघुरला. मी पहिल्यांदाच तो आवाज ऐकला. जाडा, खालच्या पट्टीतला, खरोखर कुणी पोट भरून घोरावं तसा. सेटचा दिवा लुकलुकून विझला. बटण सोडलं की दिवा परत लागला आणि लातूरचं हसणं पूर्ण स्पष्ट ऐकू आलं.

"आला का परत्यय?" आक्का म्हणाली.

मला इतका आनंद झाला की लाज वाटली. आजार दिसला होता एकदाचा. पण कारण? मी ट्रान्झिस्टर बदलला, घुर्र. तारा बदलल्या, घुर्र. लातूरची हाकांची वेळ संपली, टँकर वळून गेले, धुरळा बसला. शेवटी चिडून मी माठातल्या पाण्यात टॉवेल बुडवला आणि डब्यावर टाकला.

आक्का ओरडलीच. "पेयाचं पाणी हाय ते! आक्कल हाय का न्हाई?"

टॉवेलमधून वाफ निघत होती. थोड्या वेळानं मी बटण दाबलं. घुर्र नाही. पुन्हा दाबलं. नाही. सेट गप उभा, दिवा सरळ जळतोय. लातूरला त्या वेळी ऐकायला कुणी नव्हतं, ते जेवायला गेले असावेत. पण एवढं कळलं की डबा गार असला की शहाणा होतो. आता रोज माठ ओतून डबा थंड ठेवणं कसं शक्य होतं? घोटभर पाण्यासाठी जिथं बाया घागरी घेऊन रांगेत उभ्या होत्या, तिथं यंत्राला आंघोळ घालणं शोभलंही नसतं. आक्कानं तो टॉवेल भांड्यात पिळला आणि ते पाणी दाराशी बांधलेल्या वासरापुढे ठेवलं. माझ्याशी ती संध्याकाळपर्यंत धड बोलली नाही.

परत निघालो तेव्हा एसटी चुकली म्हणून मोठ्या रस्त्यापर्यंत एका टँकरमध्ये बसलो. टँकर दुष्काळाच्या घाईत पत्रे जोडून केलेला, आत पाण्याचा हेलकावा अडवणारे आडवे पडदे नाहीत, आणि पाणी अर्धं. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला की आतलं पाणी पुढे धडकायचं, टँकर पुढे ढकलला जायचा. मग पाणी मागे जायचं, टँकर मागे ओढला जायचा. ड्रायव्हर नेमका त्या वेळी पुन्हा पाय दाबायचा आणि हेलकावा आणखी वाढायचा. माझं डोकं टपाला आपटलं. ड्रायव्हर टँकर बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. मला मात्र डोकं चोळता चोळता आमचा डबा दिसायला लागला.

चोक आणि कंडेन्सर म्हणजे त्या टँकरचं पोट. एकदा धक्का बसला की वीज त्यांच्यात हिंदकळत राहते. एवढ्यानं काही बिघडत नाही, साधा दिवा जोडला तर हेलकावा आपोआप जिरतो, कारण व्होल्टेज उतरलं की दिवा मंद होतो, कमी घेतो. आमचा डबा हट्टी. सेटला ठरलेली वीज पोचवायची म्हणजे पोचवायची. व्होल्टेज उतरलं की हा उलट जास्त प्रवाह ओढतो, त्यामुळे ते आणखी उतरतं. म्हणजे हेलकावा नेमका जिथं विरायला हवा तिथंच हा ड्रायव्हरसारखा पाय दाबतो. बोलायचं बटण दाबलं की सेट कितीतरी जास्त वीज मागतो, म्हणून ऐकताना काही होत नाही आणि बोलताना घुर्र होते. बॅटरी खचली की हट्ट वाढतो. आणि ऊन? कंडेन्सरच्या पोटात थोडा विरोध असतो, तोच आजवर हेलकावा जिरवत होता. तापला की तो विरोध कमी होतो. सकाळी डब्यात पडदे होते, दुपारी ते वितळून जायचे. आम्ही तळण घालवायला चोक जितका मोठा करत गेलो तितकं पोट मोठं झालं आणि हिंदकळणं वाढलं. ज्या गोष्टीसाठी मालकांनी चहा पाजला होता, तीच गोष्ट आक्काचा गळा दाबत होती.

नांदेडला आल्यावर मी दुपारी मालक झोपलेले असताना एक डबा आणि एक खचलेली बॅटरी घेऊन गच्चीवर गेलो. उन्हात ठेवला. बोलण्याच्या वेळचा भार जोडला. घोरायला लागला गुलाम. मग फिल्टरच्या कंडेन्सरला समांतर दुसरा, चांगला मोठा कंडेन्सर लावला आणि त्याच्या ओळीत मुद्दाम एक छोटा रेझिस्टन्स घातला, हेलकावा जिरवायला. उन्हानं त्या रेझिस्टन्सला काही फरक पडत नाही. डबा गप झाला. मी गच्चीवर एकटा उभा राहून मोठ्यानं हसलो, शेजारची बाई वाळवण सोडून बघायला लागली.

मालकांना उठवून वर नेलं. ऐकवलं, दाखवलं. ते डोळे चोळत बघत राहिले. हुशार माणूस, लगेच समजले. आणि समजल्यावर म्हणाले, "बंद कर हे."

"बंद कर म्हणजे?"

"आरं बाबा, आता सगळ्या डब्यांत हे घालायला गेलो म्हणजे आपल्या तोंडानं सांगितलं की डबे खराब होते. नवा जिल्हा हाय, पुढची कामं त्यांच्याकडूनच यायचीत. सगळे डबे आपल्या दारात येऊन पडतील. कायकू उगं बला ओढून घ्यायची? पाऊस पडला की दुपारच थंड होईल."

"आणि तोवर माझी बहीण झोपाळू?"

"तुझ्या बहिणीचा डबा तू नीट कर. मी काय बघितलं न्हाई."

मी त्यांना जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. इतका वेळ यंत्रातला दोष सापडत नव्हता म्हणून तडफडत होतो. आता सापडला, उपाय मुठीत मावेल एवढा, आणि तरी तो देवणीला जाणार नाही, बाकी कुठे जाणार नाही, कारण कुणाला तरी कबूल करायला नको होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की यंत्राचा हट्ट माणसापेक्षा बरा, त्याला निदान रेझिस्टन्स तरी लावता येतो.

शिरूरला गेलो, डबा खोलला, कंडेन्सर आणि रेझिस्टन्स घातला. आक्का शेजारी बसून बघत होती. हे एवढंसं? असं तिनं विचारलं नाही. तिनं विचारलं, "पाणी लागंल का याला?" नाही म्हटल्यावर तिचा चेहरा सैल झाला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी थांबलो. महिना संपत आला होता आणि तिच्या जागी कुणाला घ्यायचं याची बोलणी गावात सुरू झाली होती. तिचं काम पुढे टिकलं, पाऊस पडून सेट उचलले जाईपर्यंत टिकलं, हे आताच सांगून टाकतो. कारण माझ्या लक्षात राहिलंय ते त्या दुपारचं.

पत्रा करकरत होता. डबा भाजत होता. लातूरनं हाका सुरू केल्या आणि शिरूरचं नाव आलं. आक्कानं पदर खोचला, बटण दाबलं. मी डब्याकडे कान लावला. घुर्र नाही.

"लातूर, शिरूर बोलतेय. विहिरीत पाणी हाय. तीन टँकर उभे हायत. दुपारच्या खेपा इथूनच द्या."

तिनं बटण सोडलं. पलीकडून एक खुशीतला आवाज आला.

"आरे, शिरूर बोललं की! नवीन माणूस बसवलं वाटतं. लई चांगलं झालं, त्या घोरणाऱ्या बाईला काढलं ते."

मी हातातला पाना टेबलावर आपटणार होतो. आक्कानं हात वर करून मला थांबवलं. तिच्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरत होता, तो तिनं पुसला नाही. तिनं बटण दाबलं.

"ती बाई मीच हाय, साहेब. घोरत नव्हते. डबा बोलू देत नव्हता. तुमी रोज जे जे बोलून राहिले ते समदं मी इथं बसून ऐकलंय. सवलतीचं बी ऐकलंय."

आणि बटण सोडलं. सेटमधून नुसती हलकी खरखर येत राहिली. खरखर ऐकायला मला इतकं बरं वाटेल असं मी कधी म्हटलं नसतं. शेवटी तोच आवाज, पण पट्टी उतरलेली, म्हणाला, "बरं... बरं. टँकर तिथंच ठेवा. दोन खेपा लिहून घेतल्या." बाहेर घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांना आक्कानं खिडकीतून हातानंच दोन बोटं दाखवली. एक म्हातारी खाली बसलीच.

लातूरला पुढचं नाव घ्यायची घाई झाली होती. "देवणी, देवणी. लातूर बोलतोय."

देवणीच्या सेटसमोर कोण होतं ते मला ठाऊक नव्हतं. डबा आमचाच होता, एवढं ठाऊक होतं. आम्ही दोघंही सेटकडे बघत राहिलो. तिकडून आली ती घुर्र, लांबलचक, आणि मग काही नाही. लातूरला पुन्हा कंठ फुटला. मागे बसलेले दोघं-तिघं एकदम हसले आणि एकजण म्हणाला, "घ्या, आता देवणीवाला घोरून राहिला."

मी काही म्हणायच्या आत आक्कानं बटण दाबलेलं होतं.

"तो घोरत न्हाई, साहेब," ती म्हणाली. "तो तुमचं हसणं ऐकून राहिलाय."